दुरुस्ती-निर्देशांकात घरचा प्रिंटरही घ्या

प्रति,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.



मी चिपळूणला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांच्या सरावपत्रिका मी घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज, हॉलतिकिटे, आधारच्या प्रती यांनाही हाच प्रिंटर उपयोगी पडतो. आज लिहिते आहे ते या यंत्राबद्दल, आणि मुख्यतः त्यातून येणाऱ्या पुसट, फुटक्या, दुहेरी दिसणाऱ्या छपाईबद्दल. तक्रार किरकोळ वाटेल. पण दुसरीच्या मुलासमोर शाई पसरलेला कागद ठेवला, तर ‘भ’च्या डोक्यावरची शिरोरेषेतली फट बुजते आणि मूल ‘भात’ऐवजी ‘मात’ वाचते. ‘ध’चा ‘घ’ होतो, अनुस्वार रेघेत मिसळून जातो. जे मूल आत्ता कुठे अक्षरे ओळखू लागले आहे, त्याला चूक कागदाची आहे हे कसे कळावे? मोठ्यांच्या कामातही तेच. क्यूआर कोडचे चौकोन एकमेकांत मिसळले की यंत्र तो वाचत नाही आणि माणसाला रांगेतून परत फिरावे लागते.

ही बिघाडाची बाब म्हणायची, तर बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलेच नसते. इंकजेटच्या हेडला, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाला, केसाहूनही बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून काही पिकोलिटरचा एकेक थेंब कागदावर पडतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. कॅनन आणि एचपी शाईला क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब ढकलतात. एप्सनच्या यंत्रांत विजेने आकसणारा-फुगणारा पिझो भाग ते काम करतो. पद्धत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी शाई वाळली की थेंब तिरका पडतो किंवा पडतच नाही. म्हणून बंद करताना हेड एका बाजूला सरकते आणि खालच्या रबरी टोपणावर बसते. हे टोपण हवा अडवते.

मात्र हेड टोपणावर बसायला यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावे लागते. आपल्याकडे घराघरांत शिकवण काय असते? काम झाले की भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करा. वीज वाचते, विजांच्या दिवसांत उपकरणही वाचते. सवय चांगलीच आहे. पण छपाई चालू असताना किंवा नुकतीच संपल्यावर थेट बोर्डावरून वीज तोडली, तर हेड वाटेतच उघडे राहू शकते आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात शाई वाळायला फार वेळ लागत नाही. आधी यंत्राचे बटण, मग बोर्डाचे, एवढे एक वाक्य यंत्राच्या अंगावर मराठीत छापलेले असते, तर कितीतरी हेड वाचली असती. मी पाहिलेल्या एकाही प्रिंटरवर ते नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात उलटी गत होते. कोकणात जून ते सप्टेंबर कागद हवेतला ओलावा शोषतो. उघड्या गठ्ठ्यातला कागद हाताला थंड आणि मऊ लागतो, त्यावर शाई तंतूतंतूंनी पसरते आणि अक्षराला केस फुटतात. उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला की निम्मा प्रश्न मिटतो. कागदाचा प्रकार सेटिंगमध्ये बरोबर निवडणे, ड्राफ्ट काढून नेहमीची प्रत निवडणे, फोटोचा कागद असेल तर लेप असलेली बाजू ओळखणे, हेही घरच्या घरी जमते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला लहान फोटो मोठा करून छापला, तर कुठलाच प्रिंटर तो स्पष्ट काढू शकत नाही. तिथे मूळ फाइलच मागवावी लागते.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी आपला प्रिंटर घेऊन माझ्याकडे आल्या. सेवा केंद्रात त्यांना सांगितले होते, “हेड गेलं. त्याच्या किमतीत थोडे घातले की नवीन येईल.” आम्ही आधी नोझल चेक, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारा चाचणीचा कागद, काढला. काळ्या, निळ्या, पिवळ्या रेघा अखंड होत्या. किरमिजी रंगाच्या जाळीत मात्र उजवीकडे तुटक जागा होती. म्हणजे तेवढीच छिद्रे तुंबली होती. हेड क्लीनिंग केले, पुन्हा नोझल चेक काढला, जागा कमी झाली. आणखी एकदा क्लीनिंग केले आणि यंत्र त्याच्याच बटणाने बंद करून रात्रभर तसेच ठेवले, कारण वाळलेली शाई सैल व्हायला वेळ लागतो. सकाळी जाळी पूर्ण आली. तरी अक्षरे दुहेरी दिसत होती. मग अलाइनमेंटचा कागद काढला. हेड डावीकडून उजवीकडे जाताना एक रेघ काढते आणि परतताना दुसरी. त्या एकमेकींवर बसत नव्हत्या. सर्वांत जुळलेल्या चौकोनाचा आकडा भरला आणि ‘भ’ पुन्हा ‘भ’ दिसू लागला. नवा भाग लागला नाही, पैसाही लागला नाही.

क्लीनिंगचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, हेही लोकांना कोणी सांगत नाही. दर वेळी शाई खर्च होते आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याची यंत्राची मोजणी पूर्ण झाली की काही प्रिंटर छपाईच थांबवतात. हेड ठीक, शाई भरलेली, कागद कोरडा, आणि यंत्र ठप्प. काही नव्या मॉडेलांत हे पॅड डबीच्या रूपात असते आणि ग्राहकच ती डबी बदलतो. त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही. हेडचेही तसेच. काही यंत्रांत ते कार्ट्रिजलाच जोडलेले असते आणि कार्ट्रिज बदलली की हेडही नवे मिळते. शाईच्या टाकीच्या यंत्रांत ते यंत्राचा भाग असते. काहींत घरी बदलता येते, काहींत तंत्रज्ञाशिवाय हात लावता येत नाही. घेणाऱ्याने हा फरक दुकानात कुठे वाचायचा? खोक्यावर पानांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. हेडची किंमत नसते.

आपल्या विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवालही मे २०२५ मध्ये आपल्याकडे आला, पण त्याची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून आहे. फोन आधी घेतले हे योग्यच. पुढच्या टप्प्यात मात्र घरगुती प्रिंटर यावा अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांत प्रिंटर आणि त्याच्या कार्ट्रिजचा समावेश आहे. यंत्र टाकून दिल्यावर कंपनीची जबाबदारी सुरू होते, तर ते टाकायची वेळ येऊ नये म्हणूनही नियम हवा.

त्या निर्देशांकात हेड आणि पॅड ग्राहकाला बदलता येते का, त्यांची किंमत काय आणि मॉडेल बंद झाल्यावर ते किती वर्षे मिळतील, याला गुण असावेत आणि ते गुण खोक्यावर दिसावेत. वस्तूच्या दर्जाची आणि किमतीची माहिती मिळण्याचा हक्क २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलाच आहे. नोझल चेक, क्लीनिंग, अलाइनमेंट आणि बंद करण्याची पद्धत या चार गोष्टींचे एक पान मराठीसह भारतीय भाषांत यंत्रासोबत देणे सक्तीचे करावे. ते इंग्रजी संकेतस्थळावर सात पायऱ्या खाली ठेवून चालणार नाही. आणि सेवा केंद्राने ‘हेड गेले’ असे सांगताना नोझल चेकचा कागद ग्राहकाच्या हातात द्यावा. गाडी दुरुस्त करताना मेकॅनिक जुना भाग काढून दाखवतो, तेवढी अपेक्षा इथेही ठेवायला हरकत नाही.

आपल्या १९१५ या हेल्पलाइनवर फोन उचलणाऱ्यांनाही ते पान द्यावे. पुसट छपाईची तक्रार आली, तर ती नोंदवण्याआधी त्यांनी ग्राहकाला नोझल चेक काढायला सांगावे.

पुढच्या टप्प्यातील वस्तूंची यादी ठरवण्यापूर्वी विभाग लोकांची मते मागवणार असेल, तर शाळा, झेरॉक्सची दुकाने आणि आपले सरकार सेवा केंद्रे यांनाही विचारावे. त्यांच्याकडे रोज असे कागद येतात. माझे लेखी म्हणणे मी वेगळे पाठवते आहे. सोबत वहिनींच्या प्रिंटरचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही नोझल चेक जोडले आहेत.

कळावे,
आपली,
चिपळूणची एक शिक्षिका