सदस्य कोणाचा?

वर्डप्रेसवर चाललेल्या वेबसाइटला फोरम जोडून हवा, ही मागणी ग्राहकाच्या तोंडून एका वाक्यात येते आणि आपल्या कोटेशनमध्येही एकाच ओळीत बसते: ‘फोरम इंटिग्रेशन, १ नग’. शेतीविषयक मासिक असो, शिक्षकांची संघटना असो की मोटारसायकलवाल्यांचे मंडळ, मागणी तीच. लेख आहेतच, आता वाचकांना आपसात बोलता आले पाहिजे. लॉगिन एकच हवे. आणि दिसायला सगळे एकसारखे हवे. यातले शेवटचे काम सर्वांत सोपे, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. रंग जुळतात, हेडर जुळते, ग्राहक खूश होतो. गोम मधल्या मागणीत आहे. एकच लॉगिन म्हणजे सदस्य कोणाच्या दप्तरी? वेबसाइटच्या की फोरमच्या?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ओळख एकाच बाजूने सांभाळावी, बहुतेक वेळा वेबसाइटने. दुसऱ्या बाजूने ती सहीशिक्क्यानिशी मान्य करावी. याउप्पर दोघांनी एकमेकांच्या डेटाबेसला आणि कोडला हात लावू नये. मत नवे नाही. पण याच्या उलट वागून काय काय झाले, हे नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना कोणी सांगत नाही, आणि तीच जोडणी पुन्हा नव्या नावाने विकली जाते.

पीएचपीबीबी हे फोरमचे सॉफ्टवेअर २००० साली आले, वर्डप्रेस २००३ साली. दोन्ही पीएचपीत लिहिलेली, दोन्हींना मायएसक्यूएल चालते, दोन्ही त्याच स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर बसतात. मग एकाची फाइल दुसऱ्यात ‘इन्क्लूड’ करण्याचा मोह न झाला तरच नवल. ज्यांना झाला त्यांनी पहिल्याच मिनिटाला फेटल एरर पाहिली. मजकुरातल्या पत्त्यांच्या लिंका करणारे ‘मेक_क्लिकेबल’ नावाचे फंक्शन दोन्हींकडे होते, आणि एकाच नावाचे फंक्शन दोनदा घोषित झालेले पीएचपीला चालत नाही. त्यावर तोडगा निघाला तो असा की एकीकडच्या मूळ फाइलमध्ये नाव बदलायचे. अपडेट आला की ते पुन्हा बदलायचे. अशाने अपडेटच लांबणीवर पडतो, आणि लांबलेल्या अपडेटचे काय होते ते डिसेंबर २००४ मध्ये ‘सँटी’ वर्मने दाखवून दिले. पीएचपीबीबीतली ती त्रुटी आधीच्याच महिन्यात दुरुस्त झाली होती. वर्म मात्र गूगलवर शोध घेऊन फोरम गाठत होता आणि जिथे दुरुस्ती बसवलेली नव्हती तिथे घुसत होता. शेवटी गूगललाच ते शोध अडवावे लागले.

फंक्शनची नावे बदलता येतात, स्वभाव बदलत नाहीत. वर्डप्रेस बाहेरून येणाऱ्या इनपुटला आजही स्वतःहून बॅकस्लॅश लावते, पीएचपीने ‘मॅजिक कोट्स’ २०१२ मध्ये हद्दपार केले तरीही. कारण हजारो प्लगिन त्या सवयीवर अवलंबून आहेत. पीएचपीबीबीने २०१४ च्या ३.१ आवृत्तीपासून उलटा रस्ता धरला आणि सुपरग्लोबल चलांना थेट हात लावण्यालाच बंदी केली. आपापल्या जागी दोघेही शहाणे आहेत. पण पीएचपीबीबीची ती बंदी उठवल्याशिवाय वर्डप्रेस त्याच्या शेजारी श्वासही घेऊ शकत नाही, आणि बंदी उठवली की ती ज्या कारणासाठी घातली होती तेच गेले.

कोड वेगळा ठेवून फक्त सदस्यांचे टेबल एक करू, असे म्हणणाऱ्यांचा मार्ग काही वर्षे खरोखर चालला, आणि म्हणूनच तो जास्त घातक ठरला. २००७ च्या शेवटी पीएचपीबीबी ३ ने आणि २००८ मध्ये वर्डप्रेस २.५ ने पासवर्डसाठी ‘पीएचपास’ ही एकच पद्धत स्वीकारली. दोघांच्या हॅशमध्ये फरक केवळ सुरुवातीच्या खुणेचा: वर्डप्रेसच्या डॉलरचिन्हांमध्ये पी, पीएचपीबीबीच्या एच. वर्डप्रेसच्या फाइलमध्ये तशी टीपच लिहिलेली होती आणि दोन्ही खुणा तिथे चालत. एक अक्षर बदलून हॅश इकडून तिकडे नेणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या गेल्या, आणि लिहिणाऱ्यांना वाटले की हा काही करार आहे. तो निव्वळ योगायोग होता. ३.१ मध्ये पीएचपीबीबी बीक्रिप्टवर गेले. वर्डप्रेस जुन्याच पद्धतीवर थांबले आणि एप्रिल २०२५ मध्ये ६.८ आवृत्तीत तेही बीक्रिप्टवर आले. पण पासवर्ड आधी शा-३८४ मधून काढून आणि हॅशच्या आधी स्वतःची ‘डब्ल्यूपी’ ही खूण लावून. नाव एक, रीत वेगळी. दुसऱ्याच्या टेबलातली रचना हे त्याने तुम्हाला दिलेले वचन नसते; तो ती सांगून-न सांगून कधीही बदलू शकतो.

शेजाराच्या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द पीएचपीबीबीच्या अधिकृत साइटचे आहे. २००९ च्या सुरुवातीला ती फोडली गेली. फोरम सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळी काही खोट नव्हती. हल्लेखोर आत शिरला तो त्याच साइटवर वार्तापत्रे पाठवण्यासाठी ठेवलेल्या ‘पीएचपीलिस्ट’मधल्या त्रुटीतून, आणि सदस्यांचे टेबल घेऊन गेला. नव्या आवृत्तीत गेल्यावर ज्यांनी पुन्हा लॉगिनच केले नव्हते, त्यांचे पासवर्ड जुन्या, बिनमिठाच्या एमडी-५ मध्येच पडून होते. फोरम बनवणाऱ्यांच्या घरी हे घडू शकते, तर चाळीस प्लगिन बसवलेल्या आपल्या ग्राहकाच्या वर्डप्रेसशेजारी, त्याच डेटाबेसमध्ये, त्याच यूजरखाली फोरम ठेवताना आपण कशाच्या भरवशावर निर्धास्त असतो?

परवान्याचा घोळ थोडक्यात सांगतो, कारण तो आता बराचसा मिटला आहे. जूमला आणि सिंपल मशीन्स फोरम (एसएमएफ) यांना जोडणारा ब्रिज एके काळी फार लोकप्रिय होता. एसएमएफचा तेव्हाचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता; २००७ मध्ये जूमलाने जीपीएलच्या अटी काटेकोर पाळायच्या ठरवल्या आणि त्याच वर्षी तो ब्रिज बंद झाला. एसएमएफ २०११ मध्ये बीएसडी परवान्यावर आले, तोवर त्या ब्रिजवर उभ्या असलेल्या साइटवाल्यांनी आपापली वाट शोधली होती. व्यापारी फोरम सॉफ्टवेअर जोडताना परवाना आजही वाचावा.

मग फोरम वेबसाइटच्या आतच का नको? बीबीप्रेस हे त्याचे सरळ उत्तर. वर्डप्रेसच्या स्वतःच्या मदतमंचासाठी ते जन्मले आणि २०११ च्या २.० आवृत्तीपासून प्लगिन म्हणून येते. सदस्य एकच, टेबल तेच, वाद मिटला. लहान मंडळासाठी आम्हीही तेच सुचवू. पण वर्डप्रेसची साइट स्वस्त होस्टिंगवर तग धरते ती पेज कॅशच्या जोरावर, आणि पेज कॅश साधारणपणे लॉगिन न केलेल्या वाचकासाठी असतो. फोरमचा माणूस लॉगिन करून बसतो, दर पाच मिनिटांनी पान ताजे करतो, आणि प्रत्येक वेळी सर्व्हरला ते पान नव्याने रचावे लागते. बीबीप्रेसमध्ये प्रत्येक विषय आणि प्रत्येक उत्तर ही लेखांच्याच टेबलातली एक ओळ असते. जोडीला मेटा टेबलातल्या ओळी, जिथे मूल्याच्या रकान्याला इंडेक्स नाही. चर्चा वाढली की त्याच टेबलावर पोसली जाणारी लेखांची वेबसाइटही मंदावते. ग्राहक फोन करतो तो ‘साइट स्लो झाली’ म्हणून. फोरमचे नावही काढत नाही.

ड्रुपलची परंपरा याहून जुनी. ते मुळात संदेशफलक म्हणूनच सुरू झाले आणि फोरमचे मोड्यूल वर्षानुवर्षे त्याच्या गाभ्यात होते. २०२४ च्या ड्रुपल ११ मध्ये ते गाभ्यातून काढले गेले. मराठी जालाला ही व्यवस्था अनोळखी नाही. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे यांच्या पानांच्या पत्त्यात जो ‘नोड’ दिसतो तो ड्रुपलचाच. तिथे लेख आणि चर्चा वेगळ्या नव्हत्याच; लिहिणारा आणि प्रतिसाद देणारा एकाच यादीतला. त्या रचनेत जोडणीचा प्रश्न पडत नाही. एक मात्र लक्षात असू द्या: त्या साइट पहिल्यापासून समुदायाच्या होत्या. आपल्याकडे येणारा ग्राहक संपादकाची साइट घेऊन येतो आणि तिला नंतर समुदाय चिकटवू पाहतो.

अशांसाठी आज सर्वांत स्वच्छ नमुना डिस्कोर्सचा आहे. २०१३ मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर रूबीत लिहिलेले, पोस्टग्रेसवर चालणारे. त्यामुळे वर्डप्रेसशी टेबल वाटून घेण्याचा मोह मुळातच होत नाही, हा त्याचा आम्हाला वाटणारा मोठा गुण. फोरम एक वापरून फेकायचा अंक तयार करतो, सदस्याला वेबसाइटकडे पाठवतो. वेबसाइट लॉगिन करून घेते आणि तो अंक, सदस्याचा क्रमांक, ईमेल, नाव हे सारे सामायिक गुप्त किल्लीने, एचमॅक शा-२५६ ची सही करून परत देते. पासवर्ड फोरमला कधी दिसतच नाही.

इथेही पाय घसरण्याची जागा आहे, आणि ती कोडमध्ये सापडत नाही. फोरमवर त्या ईमेलचे खाते आधीच असेल तर डिस्कोर्स नव्या ओळखीला ते जोडून देते. वेबसाइटने ईमेल पडताळलाच नसेल, तर कोणीही संपादकांचा ईमेल टाकून वेबसाइटवर नोंदणी करील आणि फोरमवर संपादक होऊन बसेल. यासाठी ‘पडताळणी आवश्यक’ असे सांगणारे एक चल पाठवता येते. ईमेल पडताळलेला नसेल तर ते पाठवाच. आणि कायमची किल्ली म्हणून ईमेल कधीही वापरू नका, सदस्यक्रमांक वापरा. नोकरी बदलली की ईमेल बदलतो. लॉगआउटही तपासा. वेबसाइटवरून बाहेर पडलेला माणूस फोरमवर आतच राहिला, तर वाचनालयातल्या संगणकावर पुढचा माणूस त्याच्या नावाने लिहू शकतो.

मराठी साइटच्या वाट्याला आणखी एक भानगड येते. वर्डप्रेस नोंदणीच्या वेळी सदस्यनामातून रोमन अक्षरे, अंक आणि दोन-चार चिन्हे सोडून बाकी सारे गाळते, त्यामुळे देवनागरी सदस्यनाम रिकामे होऊन नाकारले जाते. पीएचपीबीबीला देवनागरी चालते. डिस्कोर्समध्ये त्याची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. शिवाय ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन रीतींनी टंकता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे शून्य-रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच, बाइटांत वेगळी. युनिकोड नॉर्मलायझेशन इथे कामाला येत नाही, कारण त्याच्या लेखी या दोन वेगळ्याच अक्षरमाळा आहेत. म्हणजे नावावरून सदस्य जुळवणारा ब्रिज एकाच बाईंची दोन खाती करील, किंवा त्यांच्याच नावाने दुसऱ्या कोणाला वावरू देईल. देवनागरी नाव दाखवण्यापुरते ठेवा, जुळवणी क्रमांकानेच करा.

राहिला कायदा. सदस्याने ‘माझी माहिती पुसा’ म्हटले तर काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा हा हक्क देतो आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. वर्डप्रेसमधले खाते उडवले म्हणून फोरमवरचे उडत नाही. आणि उडवायचे म्हणजे त्याची उत्तरेही काढायची की फक्त नाव, हे आधी ठरलेले असावे लागते. दुसरी गोष्ट जबाबदारीची. संपादकाने छापलेला लेख आणि सदस्याने टाकलेले मत यांत माहिती तंत्रज्ञान कायदा फरक करतो. कलम ७९ चे संरक्षण मध्यस्थाला आहे, प्रकाशकाला नाही. फोरमवरची ‘निवडक चर्चा’ उचलून मुखपृष्ठावर लेखासारखी सजवणारे विजेट ग्राहकाला फार आवडते. ते बसवण्याआधी त्याला वकिलाला विचारायला सांगा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचे नाव साइटवर लागते, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. दोन सॉफ्टवेअर असतील तर ‘तक्रार करा’ हे बटण कोणाच्या इनबॉक्सात जाते, हे एकदा दाबून पाहा.

तेव्हा पुढच्या कोटेशनमध्ये ‘फोरम इंटिग्रेशन, १ नग’ लिहू नका. ओळख कोणाकडे, खाते कोण पुसणार, लॉगआउट कुठवर पोचणार आणि अपडेटनंतरची तपासणी कोण करणार, या चार बाबींच्या चार ओळी घाला, आणि चारींचे पैसे मागा.