मत अमेरिकनांचे, भोग जगाचे

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान व्हावयाचे होते, तेव्हा तमिळनाडूच्या तिरुवारूर जिल्ह्यातील तुलसेंद्रपुरम या खेड्यात कमला हॅरिस यांच्या विजयासाठी देवळात पूजा चालली होती. हॅरिस यांचे आजोबा त्या गावचे. त्याआधी आठ वर्षे, २०१६ मध्ये, दिल्लीच्या जंतरमंतरवर काही हिंदुत्ववाद्यांनी डोनाल्ड ट्रंप निवडून यावेत म्हणून होम केला होता. ६ नोव्हेंबरला ट्रंप यांचा विजय निश्चित होऊ लागताच मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ९०० अंकांनी उसळला. देवळातली घंटा, होमाचा धूर आणि दलाल स्ट्रीटवरचा जल्लोष या तिन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: व्हाइट हाउसमध्ये कोण बसतो यावर जगाचे भलेबुरे ठरते, आणि बसणारा आपला निघाला की आपले भागले.

ही समजूत भाविकांपुरती आणि दलालांपुरती असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळांतही आहे आणि पक्षसभासदांच्या चर्चांतही डोकावते. तेथे दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असा. ट्रंप हे उघड वंशद्वेष्टे, परदेशी मजुरांचे वैरी. तेव्हा डेमोक्रॅट आले तर निदान जगाला श्वास घेता येईल. दुसरा सूर ‘उडदामाजी काळेगोरे’ असा. दोन्ही पक्ष मक्तेदार भांडवलाचेच, तेव्हा त्या निवडणुकीत पाहण्यासारखे काय आहे? पहिला सूर भाबडा आहे. दुसरा मुळात खरा आहे. पण तो तेवढ्यावरच थांबतो आणि त्यापुढचा विचार करण्याचे कष्ट वाचवतो.

पहिल्या सुराला इतिहासाने साठ वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे. १९६४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अण्वस्त्रांविषयी इतक्या बेफिकिरीने बोलत, की त्यांच्यापुढे लिंडन जॉन्सन हे शांततेचे रखवालदार वाटावेत. आशियाई तरुणांनी लढावयाची लढाई लढण्यासाठी अमेरिकन तरुणांना हजारो मैल दूर धाडणार नाही, असे जॉन्सन प्रचारसभांतून सांगत होते. ६१ टक्के मते घेऊन ते निवडून आले. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. मार्च १९६५ मध्ये, म्हणजे शपथविधीला दोन महिने होतात न होतात तोच, अमेरिकन मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि उत्तर व्हिएतनामवरील नियमित बाँबवर्षाव सुरू झाला. १९६९ च्या आरंभी त्या चिमुकल्या देशात पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैन्य होते. जॉन्सन यांनी मतदारांना फसवले, एवढेच म्हणून हा विषय संपत नाही. युद्धाचा अधिकार देणारा टोंकिन आखाताचा ठराव ऑगस्ट १९६४ मध्ये, ऐन प्रचाराच्या धामधुमीत संमत झाला होता. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये अवघी दोन. व्यासपीठावर दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते, आणि व्हिएतनामचे भवितव्य मात्र त्यांच्या एकमताने ठरून गेले होते.

आता गाझाकडे पाहावे. ८ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावावर अमेरिकेने नकाराधिकार वापरला. तेरा देश ठरावाच्या बाजूने, ब्रिटन तटस्थ. २० नोव्हेंबर २०२४ रोजी, निवडणूक हरलेल्या डेमोक्रॅट प्रशासनाने मतदारांचे भय उरले नसतानाही पुन्हा नकाराधिकार वापरला. त्या वेळी इतर चौदाही देश एका बाजूला होते. जानेवारीत राज्य बदलले. ४ जून २०२५ रोजी ट्रंप प्रशासनाने तेच केले. आकडा तोच: चौदा विरुद्ध एक. १८ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा चौदा विरुद्ध एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी जाहीर झाली, तोवर गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार मृतांची संख्या ६७ हजारांच्या पुढे गेली होती. त्या सभागृहात अमेरिकेच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती बदलली, तिला आदेश देणारा राष्ट्राध्यक्ष बदलला, त्याचा पक्ष बदलला. वर गेलेला हात मात्र त्याच धोरणाचा होता.

याच प्रश्नावर अमेरिकेतील एक शहर जगाच्या बाजूने बोलले. मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न हे फोर्ड मोटारींचे शहर. तेथे अरब वंशाच्या नागरिकांचे बहुमत आहे आणि अनेकांची सख्खी नातीगोती लेबनॉन, येमेन, पॅलेस्टाइनमध्ये आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवार-निवडीत मिशिगनच्या एक लाखाहून अधिक मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी ‘कोणीही नाही’ या अर्थाचे मत दिले. इशारा पुरेसा स्पष्ट होता. तो मानला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्न शहरात ट्रंप यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ टक्के आणि युद्धविरोधी भूमिका घेणाऱ्या ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मते पडली. चार वर्षांपूर्वी याच शहराने बायडेन यांना प्रचंड आधिक्य दिले होते. परदेशातील उदारमतवादी पंडितांनी या मतदारांना दोष दिला. ज्या सरकारच्या बाँबखाली यांचे आप्त मरत होते त्याच्याच पारड्यात त्यांनी मत का टाकावे, याचे उत्तर मात्र दिले नाही. ट्रंप यांना मत देणाऱ्यांचाही पुढे विश्वासघातच झाला, हे सांगावयास नकोच.

अमेरिकन मतदाराला मूर्ख ठरवण्याची ही खोड जुनी आहे. २००४ साली इराक युद्ध पेटलेले असताना लंडनच्या ‘गार्डियन’ने आपल्या वाचकांना आवाहन केले, की ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहा आणि बुश यांना पाडण्यास सांगा. पत्रे गेली. तेथील लोक संतापले. २००० साली अगदी थोड्या मतांनी अल गोर यांच्या बाजूने गेलेली ती काउंटी २००४ मध्ये बुश यांच्याकडे गेली. निकालानंतर लंडनच्याच ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर विचारले, की सुमारे ५ कोटी ९० लाख माणसे इतकी मूर्ख कशी असू शकतात? प्रश्न विचारणाऱ्यांच्या देशाचे सैन्य त्या वेळी बसरा येथे तळ ठोकून होते, आणि ते धाडणाऱ्या टोनी ब्लेअर यांच्या पक्षाला मे २००५ मध्ये त्याच देशाने पुन्हा सत्ता दिली. जॉन केरी यांनीही ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या अधिकाराच्या बाजूनेच मत दिले होते, हा तपशील पत्रलेखकांना गैरसोयीचा वाटला असावा.

अमेरिकेतील कामगार ट्रंप यांच्याकडे का वळतो, हे त्याला मूर्ख म्हणून कळणार नाही. तेथील संघराज्याचे किमान वेतन २००९ साली तासाला ७.२५ डॉलर ठरले; ओबामा, ट्रंप आणि बायडेन या तिघांच्या कारकिर्दी उलटल्या तरी ते एका सेंटनेही वाढले नाही. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्णयाने कंपन्यांच्या निवडणूकखर्चावरील बंधने उठली. २०२४ मध्ये एलॉन मस्क या एकट्या धनिकाने ट्रंप यांच्या विजयासाठी २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. हॅरिस यांच्या प्रचाराने शंभर कोटी डॉलरांवर निधी जमवला. ज्या पक्षाने कामगारवर्गाला वाऱ्यावर सोडले त्याला कामगारवर्गाने सोडले तर नवल ते काय, असे निकालानंतर सिनेटर बर्नी सँडर्स यांनी सुनावले. रोगनिदान बरोबर होते. पण त्याच पक्षाच्या उमेदवारासाठी त्यांनी नुकताच प्रचार केलेला होता, हे विसरता येत नाही.

सामान्य माणसाची नजर या बाबतीत पंडितांपेक्षा शाबूत आहे. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये ३४ देशांत केलेल्या पाहणीत बायडेन यांच्यावर विश्वास असणाऱ्यांचे मध्यम प्रमाण ४३ टक्के, ट्रंप यांच्यावर २८ टक्के होते. भांडवली वृत्तपत्रांनी हेच आकडे ठळकपणे छापले. त्याच पाहणीत अमेरिकन लोकशाही इतर देशांनी अनुकरण करावे असा आदर्श आहे काय, असाही प्रश्न होता. ‘आहे’ म्हणणारे २१ टक्के. ‘पूर्वी होता, आता नाही’ म्हणणारे ४०. माणसांमध्ये ते डावे-उजवे करतात. व्यवस्थेवर मात्र त्यांचा भरवसा उरलेला नाही.

मग ‘उडदामाजी काळेगोरे’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे सिद्ध झाले काय? क्यूबाच्या माणसाला हे विचारून पाहावे. १९६२ साली डेमोक्रॅट केनेडी यांनी जाहीर केलेली नाकेबंदी दोन्ही पक्षांनी आलटूनपालटून चालवली, हे खरे. पण २०१५ मध्ये ओबामा यांनी क्यूबाला ‘दहशतवादाच्या पुरस्कर्त्यां’च्या यादीतून वगळले आणि हवाना येथे अमेरिकन दूतावास पुन्हा उघडला. १२ जानेवारी २०२१ रोजी, सत्ता सोडण्याच्या आठ दिवस आधी, ट्रंप यांनी क्यूबाला पुन्हा त्या यादीत घातले. बायडेन चार वर्षे स्वस्थ बसले. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १८७ देशांनी नाकेबंदीचा निषेध केला. विरोधात अमेरिका व इस्रायल हे दोनच देश. तरीही बायडेन हलले नाहीत. शेवटी १४ जानेवारी २०२५ रोजी, खुर्ची सोडण्यास सहा दिवस उरले असताना, त्यांनी क्यूबाचे नाव वगळण्याची घोषणा केली. २० जानेवारीला ट्रंप यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ती रद्द केली. चार वर्षांची दिरंगाई, सहा दिवसांचे औदार्य! त्या यादीत नाव असले की परदेशी बँका व्यवहार नाकारतात, औषधांचे आणि इंधनाचे पैसे अडकतात. तेव्हा दोन पक्षांत फरक नाहीच असे म्हणणे क्यूबाच्या रुग्णापुढे टिकत नाही. फरक आहे, त्याची लांबीरुंदी मोजावी लागते. आणि २०१५ ची ती फट ओबामा यांच्या सौजन्याने पडली नव्हती. अर्धशतक न वाकलेले क्यूबा आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलेला लॅटिन अमेरिका यांनी ती पाडली होती.

अमेरिकेच्या आतही खरी दुभंगरेषा दोन पक्षांमधून जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मोटार कामगारांच्या मोठ्या संघटनेने, युनायटेड ऑटो वर्कर्सने, गाझातील युद्धबंदीची मागणी केली, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये डेमोक्रॅट होते. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले आणि ते लोण देशभर पसरले. हजारोंना अटक झाली. न्यूयॉर्कचे महापौर त्या वेळी डेमोक्रॅटच होते. ही मुले आणि हे कामगार यांच्याशी ज्यांचे नाते जुळावयाचे त्यांनी अमेरिकेच्या निवडणुकीकडे पाठ फिरवून कसे चालेल?

भारताच्या राज्यकर्त्यांनी मात्र आपले नाते वरच्या मजल्याशी जोडले. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या सभेत पंतप्रधान मोदींनी ‘अब की बार ट्रंप सरकार’ची घोषणा उच्चारली, फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमवर ‘नमस्ते ट्रंप’चा थाट उडाला. मैत्रीचे फळ यथावकाश हाती पडले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे. मेक्सिकोसारख्या शेजाऱ्यानेही लष्करी विमानांबाबत काही काळ ताठरपणा दाखवला. दिल्लीने तेवढाही दाखवला नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील अमेरिकन जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. तिरुपूरचे होजियरी कामगार, सुरतेचे हिरे कारागीर, आंध्रचे कोळंबी उत्पादक यांच्या पोटावर हा घाव बसला. ६ नोव्हेंबरला उसळलेल्या शेअरबाजाराने त्यांना विचारून उसळी मारली नव्हती.

त्याच आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडली आणि ती यवतमाळ, वर्धा, परभणीच्या शेतकऱ्याशी निगडित आहे. कापसावरील ११ टक्के आयातकर केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवला. कारण सांगितले वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा असल्याचे; परंतु अमेरिका हा कापसाचा बलाढ्य निर्यातदार आहे आणि वॉशिंग्टनशी वाटाघाटी चालू होत्या, हे कोणापासून लपलेले नव्हते. अमेरिकेच्या कापूस उत्पादकांना मिळणारी अनुदाने बेकायदा असल्याचा निर्णय जागतिक व्यापार संघटनेने ब्राझीलच्या तक्रारीवरून २००५ मध्ये, बुश यांच्या काळात, कायम केला. ओबामा यांच्या सरकारने अनुदाने बंद करण्याऐवजी २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाकाठी १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. रिपब्लिकनांनी जे केले ते डेमोक्रॅटांनी पैसे मोजून सांभाळले. ब्राझील भांडला, म्हणून त्याला भरपाई तरी मिळाली.

विदर्भातील शेतकऱ्याला भरपाई मिळाली नाही. आयातकराची सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. ती २८ ऑगस्टला, ५० टक्के जकात लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येतो तो दिवाळीच्या आगेमागे. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला होता, आणि व्यापारी त्याहून कमी भावाने माल मागत होते.