बादलीतलं पाणी आणि ‘देवाची इच्छा’



लहान मुलाच्या अंत्यविधीला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘देवाची इच्छा होती, त्यानं आपलं फूल नेलं.’ मूल आजारानं गेलं असेल, तर त्या दुःखात कोणी कोणते शब्द शोधावेत हे सांगणारे आम्ही कोण? पण रांगतं बाळ न्हाणीघरातल्या टबात किंवा भरलेल्या बादलीत बुडून गेलं असेल, तेव्हा हे वाक्य तोंडातून काढू नये, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. ते खरं नाही, आणि पुढच्या बाळाच्या जिवावर उठणारं आहे.

खरं का नाही? मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभू येशू हरवलेल्या मेंढराचा दाखला देतो आणि या लहानग्यांतलं एकही गमावणं पित्याच्या मनात नाही, असा निर्वाळा देतो. तिथं बोलणं वाट चुकलेल्यांबद्दल आहे हे मान्य. तरी ज्या पित्याला एक मेंढरू हरवलेलं चालत नाही, त्याच्या नावावर आपण बादलीत बुडालेलं बाळ कसं मांडतो? बादली भरलेली होती, न्हाणीघराचं दार उघडं होतं, बाळ कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ही तिन्ही कारणं घरातली आहेत. ती स्वर्गावर ढकलली की घरात काहीच बदलत नाही. बादली तशीच भरलेली राहते आणि पुढचं बाळ रांगायला लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून मरण पावली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणं म्हटलं की आपल्याला नदी, विहीर, समुद्र आठवतो. तान्ह्या बाळाला तिथवर जावं लागत नाही. नाक-तोंड बुडेल एवढं, चार बोटं पाणी त्याला पुरतं. आठ-दहा महिन्यांचं मूल बादलीचा काठ धरून उभं राहतं, आत वाकतं. त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि हातांत जोर कमी, म्हणून ते डोक्यावर आत जातं. भरलेली बादली त्याच्या वजनानं कलंडतही नाही. आणि आवाज होत नाही. ‘रडला असता तर ऐकू आलं असतं’ असं मागाहून म्हणतात. पण पाण्याखाली तोंड गेल्यावर रडायला श्वास कुठला? दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपते, आणखी थोड्या मिनिटांत मेंदूला इजा होते. दूध उतू जातंय म्हणून धावत स्वयंपाकघरात जाऊन यायला एवढाच वेळ लागतो.

हे सांगितलं की दोन उत्तरं येतात. पहिलं: ‘आमच्या आयांनी आठ-आठ मुलं वाढवली, तेव्हा कुठं होती ही काळजी?’ काळजी होती. आजी बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. पाणी बाजूला घंगाळात, बाळ तिच्या पायांवर, आणि एक हात सतत त्याच्या अंगावर. आज बाप्तिस्म्याला आपण रंगीत टब भेट देतो, त्यात बसवायची खुर्ची देतो, आणि खुर्चीत बाळ सुरक्षित आहे असं समजून टॉवेल आणायला वळतो. ती खुर्ची निसटते, बाळ घसरतं. ती बसण्याची सोय आहे, राखण नव्हे. आणि जुन्या घरांतून मुलं गेलीच नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुन्या कबरस्तानातले छोटे क्रूस मोजावेत.

दुसरं उत्तर जास्त भक्तिभावाचं वाटतं: ‘देव राखेल.’ हा विचार पवित्र शास्त्रात कोणाच्या तोंडी आला आहे ते आठवावं. मत्तयाच्या 4 थ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि स्तोत्राचाच आधार देऊन म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभू नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नसते. भरलेल्या टबाशी बाळाला एकटं सोडून ‘देव राखेल’ म्हणणं हीच परीक्षा आहे. देवानं आपल्याला काय करायला सांगितलं आहे ते अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आहे: नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, कारण कठड्याविना कोणी पडला तर रक्ताचा दोष त्या घरावर येतो. हा नियम विश्वास ठेवणाऱ्यांनाच दिला होता. ज्या घरात नळाला रोज पाणी येत नाही आणि बादल्या, हंडे, पिंपं भरून ठेवावीच लागतात, तिथं झाकण हाच कठडा.

आता सर्वांत क्रूर प्रश्न: ‘आईचं लक्ष कुठं होतं?’ मंडळीतली माणसं एका दमात ‘देवाची इच्छा’ म्हणतात आणि दुसऱ्या दमात हे विचारतात. घरात बाप असतो, आजी-आजोबा असतात, काका असतो, पाहुणे असतात. पण प्रश्न एकीलाच. लूकच्या 2 ऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागं राहिला, तेव्हा मरीया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले होते. तो सोबतच्या घोळक्यात कुठंतरी असेल असं दोघांनाही वाटलं. भरल्या घरात नेमकं हेच घडतं. आईला वाटतं आजीकडे आहे, आजीला वाटतं बापाकडे आहे, बाप मोबाईलमध्ये आहे. माणसं जितकी जास्त, तितकं बाळ एकटं. म्हणून लग्नघर, सण आणि पॅरिशच्या फेस्ताचा दिवस शांत दुपारपेक्षा अधिक धोक्याचा.

मिर्यामचं उदाहरण देऊन आठ वर्षांच्या ताईवर बाळ सोपवणारेही आहेत. निर्गमाचा 2 रा अध्याय नीट वाचावा. मोशेच्या आईनं आधी पेटीला डांबर आणि राळ लावली, मग ती भर प्रवाहात न सोडता काठच्या लव्हाळ्यांत ठेवली, आणि त्यानंतर बहीण पाहत उभी राहिली. तेही फारोच्या हुकमानं दुसरा मार्ग उरला नव्हता म्हणून. त्या माउलीचा देवावर विश्वास होता, आणि डांबर लावायलाही ती विसरली नाही. आपल्या घरी फारो नाही. मोठं माणूस असताना राखण पोरीच्या गळ्यात घालायचं कारण नाही.

घरभेटींना जाणारे आम्ही स्वयंसेवक मंडळीपुढं चार गोष्टी ठेवतो. अंघोळीची सगळी तयारी आधी हाताशी घ्यावी आणि बाळावरचा हात काढू नये. दार वाजलं तर बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यावं. अंघोळ झाली की टब पालथा, बादली रिकामी; साठवणीच्या पाण्याला घट्ट झाकण आणि न्हाणीघराला बाहेरून उंचावर कडी. बाळ सोपवताना नाव घेऊन सोपवावं, आणि घेणाऱ्यानं ‘हो, माझ्याकडे आहे’ असं तोंडानं म्हणावं. आणि प्रत्येक घरातल्या एकानं तरी लहान मुलाला श्वास देण्याचं आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण घ्यावं. अशा वेळी बाळाला उलटं टांगू नये, पोट दाबू नये. लगेच श्वास द्यायला सुरुवात करावी आणि दुसऱ्यानं 108 ला फोन करावा.

बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप वचन देतात आणि आपण सारे साक्षीला उभे असतो. साक्षीदारांनी त्या घरी एकदा जाऊन न्हाणीघरही पाहावं. पेढे खायला जातोच की!

आणि ज्या घरात हे घडून गेलं आहे तिथं यातलं एक अक्षरही बोलू नये. हा वाद आधी घालायचा असतो, शवपेटीपाशी नाही. तिथं ‘देवाची इच्छा’ही म्हणू नये आणि ‘लक्ष कुठं होतं’ हेही विचारू नये. डबा घेऊन जावं, आईच्या शेजारी बसावं, बापाच्याही.

इस्राएलाचा राखणदार डुलकी घेत नाही, हा 121 व्या स्तोत्राचा दिलासा आहे. आपण दमतो, डुलक्या घेतो, विसरतो. म्हणून पाळी लावून राखावं, आणि जिथं राखता येणार नाही तिथं पाणी ठेवू नये. आज रात्रीच्या प्रार्थनेआधी न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी घाला. मग प्रार्थनेला बसा.