अल्गोला नवी कँडल ओळखता आली नाही, तर एकाच सिग्नलवर दहा ऑर्डर जातात

खंडाळा म्हटलं की लोणावळ्याशेजारचा आठवतो. आपण बोलतोय ते साताऱ्याच्या खंडाळ्याबद्दल, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या. जवळच शिरवळची एमआयडीसी. शेअर बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०, आणि नेमकी तेव्हाच शिफ्ट. मग स्क्रीनकडे बघणार कोण? अशांसाठीच यूट्यूब, टेलिग्रामवर अल्गोचा धंदा चालतो. तुम्ही कामावर जा, ट्रेड कोड घेईल.

पण त्या कोडला एक साधी गोष्ट कळावी लागते: नवी कँडल कधी सुरू झाली?

१५ मिनिटांच्या चार्टवर दिवसाला २५ कँडल बनतात. भाव मात्र सारखा हलतो आणि प्रत्येक हालचालीला कोड पुन्हा चालतो. समजा ९.३० ला खरेदीची अट पूर्ण झाली. पुढची १५ मिनिटं ती पुन्हा पुन्हा पूर्ण होणार. एकदा घेतलंय हे कोडने लक्षात ठेवलं नाही, तर खरेदी सुरूच.

उपाय गेटवरच्या रजिस्टरसारखा आहे. शेवटची कँडल किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवायचं. भाव आला की ताडून बघायचं. वेळ तीच असेल तर गप्प, बदलली तरच निर्णय. तोही नुकत्याच पूर्ण झालेल्या कँडलवर, कारण चालू कँडलवर दिसलेला सिग्नल मिनिटभरात गायब होऊ शकतो.

काही जण घड्याळात शून्य सेकंद झाला का एवढंच बघतात. त्या सेकंदाला भाव आलाच नाही, तर कँडल हुकली. त्याहून वाईट म्हणजे नेट गेलं, कोड पुन्हा सुरू झाला आणि रजिस्टर कोरं. मग अर्धी झालेली कँडलही त्याला नवी वाटते.

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी नियम आणले. मुदत वाढत वाढत १ एप्रिल २०२६ वर गेली. स्वतःच्या कोडला सेकंदाला १० ऑर्डरपर्यंत एक्सचेंजकडे वेगळी नोंदणी लागत नाही. गोम इथेच आहे. सेकंदाला एक चुकीची ऑर्डर टाकणारा कोड या मर्यादेत आरामात बसतो. नियम वेग मोजतो, डोकं नाही.

सेबीच्याच अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण १.८ लाख कोटींहून जास्त.

म्हणून अल्गो विकणाऱ्याकडे नफ्याचे स्क्रीनशॉट मागू नका. पेपर ट्रेडिंगवर तो कँडलच्या मध्येच बंद करा, पुन्हा सुरू करा आणि किती ऑर्डर पडल्या ते मोजा.