घरातला अँटेना घ्यावा का?

परभणी, पाथरी, जिंतूरकडे दरमहाचे रिचार्ज जड जाते, म्हणून भगिनी घरात ठेवायचा अँटेना शोधतात. आम्ही सांगू, घेऊ नका. दूरदर्शनचे बहुतेक जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. हवेत लहरीच नाहीत, तर शिंगे कितीही फिरवा, पडद्यावर मुंग्याच! त्यापेक्षा डीडी फ्री डिश बसवा. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. सह्याद्री, डीडी उर्दू दोन्ही दिसतात. छत्री पत्र्याखाली चालत नाही, उघड्यावरच हवी. तोंड आग्नेयेला, किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या खांद्याच्या मागे. आड निंबाची फांदी येत असेल तर आधी ती छाटा. मुसळधार पावसात चित्र अडकले, तर लगेच मिस्त्रीला बोलावू नका. पाऊस ओसरला की येते.