‘कशावरून?’ची शिकवणी

दिवाळीच्या फराळाला पाहुणे जमले, की घरातल्या दहावीतल्या पोराला ‘पुढे काय घेणार?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला चिवड्याच्या पहिल्या घासाबरोबर मिळतो. ‘सायन्स’ म्हटले की माना डोलतात. पण एखाद्या पोरीने ‘तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान’ असे म्हणून पाहावे! आत्याबाईंना वाटते, ही आता संन्यास घेणार. काकांना वाटते, ही उपाशी मरणार. या दोघांनाही त्या विषयाची थोडी शिकवणी असती, तर त्यांनी इतक्या घाईने अनुमान काढले नसते.

राज्याच्या मंडळाने अकरावी-बारावीला हे दोन्ही विषय ठेवलेले आहेत. बालभारतीने २०१९ साली अकरावीची आणि २०२० साली बारावीची नवी पुस्तकेही काढली. पण यादीत विषय असणे निराळे आणि वर्गात शिकवणारा असणे निराळे. पुतणीसाठी मी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात चौकशी केली. खिडकीपलीकडून उत्तर आले, ‘मुलेच येत नाहीत, म्हणून विषय नाही.’ विषयच नाही म्हणून मुले येत नाहीत, हे मात्र कोणी बोलेना. याला तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तर्कशास्त्राला दाराबाहेर ठेवायलाही तर्कदोषच कामी यावा, ही मोठीच गंमत!

‘हे सोळा वर्षांच्या डोक्याला झेपणारे नव्हे,’ असे कोणी म्हणतात. आमच्या लोणारच्या तळ्याचेच पाहा ना. आजी लवणासुराची कथा सांगे. काही पंडित म्हणाले, हे ज्वालामुखीचे तोंड. काळ्या दगडाच्या या मुलखात ते पटण्याजोगेही होते. दुसरे म्हणाले, उल्का पडली. खड्डा एकच, गृहीतके दोन. निवाडा व्हावा कसा? जबरदस्त आघाताखेरीज होत नाही अशा जातीची काच तिथल्या दगडांत सापडली, आणि १९७३ साली तो पुरावा जगापुढे आला. तरी वयाचा वाद उरलाच: एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे, तर दुसरीने साडेपाच लाखांहून अधिक. कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे, हा विचार म्हणजेच तर्कशास्त्र. तो आमच्या पोरांना झेपणार नाही, हे कोणी ठरवले?

वावराच्या बांधावरही तेच लागते. बियाणे विकणारा सांगतो, ‘अमक्याच्या वावरात यंदा पाहा कसे सोयाबीन पिकले!’ एका वावरावरून साऱ्या तालुक्याचे अनुमान! ‘त्याची जमीन कोणती? पाणी किती? शेजाऱ्याचे का नाही पिकले?’ असे विचारणारी लेक घरात असेल, तर ती बापाचे पैसे वाचवील.

आणि हे रोपटे काही विलायतेहून आणायचे नाही. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी लोणारला येतात, आणि त्याच ग्रंथात महदाइसा त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारते. सातशे वर्षांपूर्वी एका विधवेच्या जिज्ञासेचे कौतुक झाले. आज पोरीने ‘का?’ म्हटले की ती आगाऊ ठरते. मलकापुराहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर अमळनेर आहे. तिथे प्रतापशेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. साने गुरुजी तिथे आधी विद्यार्थी म्हणून आले. फ्रान्सात तर शाळेच्या अखेरच्या वर्षी गणित घेणाऱ्यालाही तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर लिहावा लागतो.

‘पण पोटाचे काय?’ प्रश्न रास्त आहे. मात्र कला शाखेच्या मुलाला ठरावीक संख्येने विषय घ्यायचेच असतात. त्यांतला एक तर्कशास्त्र झाल्याने नोकरी कशी बुडते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. ‘मार्क पडतात हो’ म्हणून गाइडातून पाठ करवून घेणारे हितचिंतकही नकोत. पाठ केलेला तर्क म्हणजे पाटावर बसून शिकलेले पोहणे.

एका कॉलेजला मुले पुरत नसतील, तर तालुक्यातल्या तीन कॉलेजांनी मिळून एक शिक्षक नेमावा आणि आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. पालकांनीही लेखी विचारावे, की हा विषय आमच्या मुलांना का नाही? ‘मुलांना नकोच आहे,’ असे उत्तर आले, तर त्याच कागदावर एक शब्द लिहून तो परत पाठवावा: ‘कशावरून?’