यंत्रांशी गट्टी : पिन घट्ट हवी की सैल?

भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरलीत, की तुम्ही थेट कोळ्यांच्या किनाऱ्यावर पोचता. पावसाळ्यात तिथं एक वेगळीच गडबड असते. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि त्यांची डिझेल इंजिनं दुरुस्तीसाठी खोलतात.

अशाच एका शेडमध्ये मी डोकावलो. एक मिस्त्री पिस्टन जोडत बसले होते आणि आठवीतला त्यांचा भाचा हाताशी होता. पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये खाली-वर धावणारा जाड डबा. त्याला कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो. या दोघांना जोडते ती पोलादी, पोकळ पिन. गॅरेजमध्ये तिला म्हणतात ‘गजन पिन’.

दिसायला साधी, पण तिचं काम बघा! इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा दिशा बदलतो. शिवाय डिझेल पेटलं की वरून जबरदस्त दाब येतो. समजा, पिस्टनचा व्यास १० सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरवर ८० किलोंचा दाब आहे. करा गुणाकार! सहा हजार किलोंहून जास्त भार येतो. हत्तीपेक्षाही जास्त, आणि तो सगळा या एका पिनवर!

ही पिन बसवायच्या दोन तऱ्हा आहेत. आजीच्या घरचं जातं आठवा. खुंटा खालच्या तळीत घट्ट असतो आणि वरची तळी त्याच्याभोवती फिरते. पहिली तऱ्हा तशीच. पिन रॉडमध्ये गच्च आणि पिस्टनमध्ये सैल. रॉडचं भोक पिनपेक्षा किंचित लहान ठेवतात. रॉडचं टोक तापवलं की भोक मोठं होतं. मग थंड पिन झटकन आत सारायची. टोक निवलं की पिन अशी आवळली जाते, की हलायचं नाव नाही! बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो ना, अगदी तसंच. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत ही तऱ्हा असते. सुटे भाग कमी, खर्च कमी आणि पिन निसटायची भीती नाही. पण काढायची झाली तर प्रेस मशिन लागतं, आणि कधी कधी त्यात पिस्टनच खराब होतो.

दुसऱ्या तऱ्हेत पिन दोन्हीकडे सैल असते. म्हणजे खडखडत नाही हं, तेलाचा पातळ थर मावेल इतकीच सैल! चालता चालता ती हळूहळू स्वतःभोवती फिरते, त्यामुळे एकाच जागी झिजत नाही. भार जास्त असलेल्या डिझेल इंजिनांत म्हणूनच ही तऱ्हा वापरतात. शिवाय प्रेसशिवाय ती खोलता येते. पण मोकळी पिन आडवी सरकून सिलिंडरला घासली तर? म्हणून पिस्टनमध्ये दोन्ही टोकांना खाचा असतात आणि त्यांत स्प्रिंगच्या तारेची कडी बसवतात. तिचं नाव सर्क्लिप.

आता शेडमधली गोष्ट ऐका. भाचा म्हणाला, “मामा, जुनी सर्क्लिप चांगलीच दिसतेय. हीच लावू ना?”

मामांनी हातातलं काम थांबवलं. “काढताना दाबली ना तू तिला? तिचा जोर गेला. ही निसटली तर पिन सिलिंडर खरवडून काढेल. इथं किनाऱ्यावर इंजिन बंद पडलं तर मी आहे. खोल पाण्यात रात्री बंद पडलं, तर तिथं कोण येणार? बोटीवर तुझाच बाप असतो ना?”

पोरगा काही बोलला नाही. त्यानं नवी सर्क्लिप उचलली, खाचेत बसवली आणि नीट बसली का, ते दोनदा तपासलं.

मग कोणती तऱ्हा चांगली? मित्रांनो, नुसतं असं विचारून उत्तर मिळत नाही. भार किती, खर्च किती, दुरुस्ती कुठं करायची, हे आधी विचारावं लागतं. एक मात्र खरं. मोकळ्या पिनला राखणदार लागतो, आणि राखणदार छोटा असला म्हणून त्याच्यात काटकसर करायची नाही.

घरी करून बघा : रिकाम्या आगपेटीच्या खोक्याला आरपार भोकं पाडा. पुठ्ठ्याच्या पट्टीलाही टोकाशी भोक पाडा. पट्टी खोक्यात धरून दोन्हींतून पेन्सिल घाला आणि तिच्या टोकावर खूण करा. पट्टीचं भोक आधी घट्ट ठेवा, नंतर सैल. पट्टी झुलवली की खूण काय करते? आणि खोकं तिरकं धरलं की पेन्सिलीचं काय होतं? तिला थांबवायला तुम्ही काय लावाल? (भोकं पाडताना आई-बाबांची मदत घ्या बरं का!)